अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ३७ आणि जामिनाचा अधिकार : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

'जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद' हे तत्त्व न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली राजस्थान राज्य विरुद्ध बालचंद या प्रकरणात मांडले आणि पुढे भारतीय फौजदारी न्यायशास्त्रात ते सुभाषितासारखे रूढ झाले. आरोप सिद्ध होईपर्यंत प्रत्येक व्यक्ती निर्दोष मानली जाते, हे गृहीतक या तत्त्वाच्या मुळाशी आहे. तथापि काही विशेष कायद्यांनी हा नियम आणि अपवाद यांची अदलाबदल केलेली आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा त्यांपैकी एक प्रमुख कायदा होय. या अधिनियमातील कलम ३७ मुळे व्यापारी प्रमाणातील अमली पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यक्तीस जामीन मिळणे अत्यंत दुष्कर झालेले आहे.

प्रस्तुत लेखात कलम ३७ ची रचना, त्याचा न्यायालयांनी लावलेला अर्थ आणि त्यातून निर्माण झालेली विसंगती यांची चिकित्सा करण्यात आली आहे. अमली पदार्थांचा व्यापार ही समाजास पोखरणारी गोष्ट आहे आणि तिचा कठोर बंदोबस्त झाला पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्याचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही अशा व्यक्तीस किती काळ आणि कोणत्या कसोटीवर बंदिवासात ठेवावे, हा तो प्रश्न होय.

कायद्याची जडणघडण

हा अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलात आला. मूळ अधिनियमात शिक्षा कठोर होत्या. बहुतेक अपराधांना किमान दहा वर्षांच्या सश्रम कारावासाची तरतूद होती. जामिनावर मात्र विशेष बंधन नव्हते. १९८९ च्या दुरुस्तीने कलम ३७ नव्या स्वरूपात आले आणि पाच वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेस पात्र असलेल्या सर्व अपराधांना जामिनाची कठोर अट लागू झाली. परिणामी थोडा गांजा वा ब्राऊन शुगर बाळगणारा व्यसनी आणि मोठा तस्कर हे दोघेही जामिनाच्या दृष्टीने बहुतांशी एकाच रांगेत उभे राहिले.

ही विषमता कमी करण्यासाठी २००१ साली महत्त्वाची दुरुस्ती करण्यात आली. २ ऑक्टोबर २००१ पासून पदार्थाच्या प्रमाणावर शिक्षा ठरू लागली आणि अल्प प्रमाण, मध्यम प्रमाण व व्यापारी प्रमाण अशी त्रिस्तरीय रचना निर्माण झाली. १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेनुसार गांजासाठी अल्प प्रमाणाची मर्यादा १ किलो व व्यापारी प्रमाणाची २० किलो, चरससाठी अनुक्रमे १०० ग्रॅम व १ किलो, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम व २५० ग्रॅम, तर कोकेनसाठी २ ग्रॅम व १०० ग्रॅम अशी ठरविण्यात आली. या दुरुस्तीनंतर कलम ३७ ची विशेष अट कलम १९, २४ व २७अ खालील अपराधांपुरती आणि व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणांपुरती मर्यादित झाली. उर्वरित प्रकरणांत जामिनाची सर्वसाधारण तत्त्वे लागू होतात.

कलम ३७ नुसार अशा आरोपीस जामिनावर सोडण्यापूर्वी सरकारी अभियोक्त्यास विरोध करण्याची संधी द्यावी लागते. अभियोक्त्याने विरोध केल्यास न्यायालयाची दोन गोष्टींविषयी खात्री पटावी लागते. आरोपी त्या अपराधाबद्दल दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारणे आहेत, ही पहिली गोष्ट. आणि जामिनावर असताना तो कोणताही अपराध करण्याचा संभव नाही, ही दुसरी. या अटी उच्च न्यायालयाच्या जामीन देण्याच्या अधिकारासही लागू आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली किशन लाल प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी या विशेष अटी कायम आहेत.

वजनाचे गणित

आरोपीचे स्वातंत्र्य कोणत्या नियमाने ठरणार, हे प्रथमतः तराजूवर ठरते. २० किलोपर्यंतचा गांजा मध्यम प्रमाणात मोडतो. २० किलोहून थोडा जरी अधिक भरला तरी कलम ३७ लागू होते आणि किमान दहा वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार उभी राहते. कोठे तरी रेषा आखावीच लागते हे मान्य करूनही, त्या रेषेच्या दोन बाजूंस असलेल्या परिणामांतील दरी विचारात घेण्याजोगी आहे.

शिवाय वजन कशाचे करावयाचे, हाही वादाचा विषय राहिला आहे. ई. मायकेल राज या २००८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातील शुद्ध अमली द्रव्याचेच वजन धरावे असे म्हटले होते. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने संपूर्ण मिश्रणाचे वजन धरण्याची तरतूद केली आणि हिरा सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २२ एप्रिल २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००८ ची भूमिका रद्दबातल ठरविली. याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. ३०० ग्रॅम भुकटीत हेरॉइनचे प्रमाण केवळ ५ टक्के असेल तर शुद्ध हेरॉइन १५ ग्रॅम भरते. २००८ च्या निकषानुसार हे मध्यम प्रमाण होय. २०२० च्या निकषानुसार ते व्यापारी प्रमाण ठरते. रस्त्यावरील किरकोळ माल हा भेसळीचाच असतो, हे लक्षात घेता या बदलाचा भार साखळीच्या शेवटच्या टोकाशी असलेल्या व्यक्तीवर अधिक पडतो, असे म्हणावे लागते. मिश्रण हेच बाजारात विकले जाते व तेच घातक असते, हा न्यायालयाचा युक्तिवाद निराधार नाही. परंतु शिक्षेच्या संदर्भात मान्य होणारा हा युक्तिवाद जामिनाच्या टप्प्यावर यांत्रिकपणे लागू झाला की त्याचे परिणाम तीव्र होतात.

गांजाच्या बाबतीत प्रश्न आणखी निराळा आहे. अधिनियमातील व्याख्येनुसार गांजा म्हणजे वनस्पतीचे फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे होत. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यात येत नाहीत. प्रत्यक्ष जप्तीत मात्र देठ, पाने, माती यांसह पोत्याचे वजन करण्याकडे कल असतो. त्यामुळे २० किलोच्या आसपासच्या प्रकरणांत पंचनाम्यातील एखादी ओळ ही आरोपीच्या आयुष्यातील काही वर्षांची किंमत ठरू शकते.

कलमांच्या निवडीचा प्रश्न

व्यापारी प्रमाण नसतानाही कलम ३७ लागू होऊ शकते, ते कलम २७अ मुळे. हे कलम अवैध व्यापारास वित्तपुरवठा करणे आणि अपराध्यास आश्रय देणे यांविषयी आहे. फिर्यादीत हे कलम नमूद होताच पदार्थाचे प्रमाण गौण ठरते. म्हणजेच जामिनाची वाट बंद करण्याची किल्ली काही अंशी तपास यंत्रणेच्या हाती जाते. या धोक्याची जाणीव मुंबई उच्च न्यायालयाने रिया चक्रवर्ती विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० रोजी दिलेल्या आदेशात दिसून येते. दुसऱ्याच्या सेवनासाठी पदार्थ विकत घेताना पैसे देणे म्हणजे अवैध व्यापारास वित्तपुरवठा करणे नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला आणि जामीन मंजूर केला. त्याच आदेशात या अधिनियमाखालील सर्व अपराध अजामीनपात्र आहेत, असेही मत व्यक्त झाले. त्यामुळे अल्प प्रमाणाच्या आरोपातही जामीन हक्क म्हणून मिळत नाही. तो न्यायालयाच्या विवेकावर राहतो. एका बाजूस अर्थाचा संकोच व दुसऱ्या बाजूस विस्तार करणारा हा आदेश या कायद्यातील ताण चांगल्या रीतीने दर्शवितो.

याच कलमाच्या संदर्भात विधिमंडळाच्या निष्काळजीपणाचेही उदाहरण आहे. २०१४ च्या दुरुस्तीत व्याख्येच्या खंडाचा क्रमांक बदलला, परंतु कलम २७अ मधील संदर्भ बदलावयाचा राहून गेला. ही चूक त्रिपुरा उच्च न्यायालयाच्या निदर्शनास आल्यानंतर २०२१ साली आधी अध्यादेशाद्वारे व नंतर अधिनियमाद्वारे ती पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त करण्यात आली. ज्या कलमाखाली वीस वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो व जामीन जवळजवळ नाकारला जातो, त्याचा संदर्भ सात वर्षे चुकीचा राहावा, ही बाब गंभीर आहे. आरोपीकडून कायद्याच्या काटेकोर पालनाची अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेने स्वतःलाही तोच निकष लावणे अगत्याचे ठरते.

'दोषी नाही' या खात्रीचा अर्थ

कलम ३७ मधील मूळ अडचण त्याच्या पहिल्या अटीत आहे. सर्वसाधारण जामीन अर्जात न्यायालय आरोपीविरुद्ध सकृत्दर्शनी पुरावा आहे काय, हे पाहते. येथे मात्र आरोपी दोषी नाही असे मानण्यास कारणे आहेत काय, हे पाहावयाचे आहे. पुरावा अद्याप नोंदविलेला नसतो, साक्षीदारांची उलटतपासणी झालेली नसते, कधी कधी रासायनिक विश्लेषणाचा अहवालही आलेला नसतो. अशा वेळी खटल्याच्या शेवटी द्यावयाचे उत्तर खटल्याच्या आरंभी मागितले जाते. त्यात कलम ३५ व ५४ मधील गृहीतके आरोपीच्या विरुद्ध उभी असतात. पदार्थ ताब्यात सापडल्याचे दिसले की अपराधी मनोवृत्ती गृहीत धरली जाते व ती खोडून काढण्याचा भार आरोपीवर येतो.

सर्वोच्च न्यायालयाने शिव शंकर केसरी या २००७ च्या प्रकरणात 'वाजवी कारणे' म्हणजे केवळ सकृत्दर्शनी कारणांहून काही अधिक, अशी फोड केली. त्याचबरोबर निर्दोषत्वाचा निष्कर्ष न्यायालयाने नोंदविणे अपेक्षित नाही, असेही स्पष्ट केले. सकृत्दर्शनीहून अधिक आणि निष्कर्षाहून कमी, असा हा मधला प्रदेश आहे. त्याच्या सीमा कोठेही नेमक्या आखल्या गेलेल्या नाहीत. त्यामुळे समान वस्तुस्थितीवर भिन्न न्यायालयांतून भिन्न आदेश निघण्यास वाव राहतो.

कठोर भूमिकेच्या समर्थनार्थ राम समुझ या १९९९ च्या निर्णयाचा वारंवार आधार घेतला जातो. खुनी एखाद्या दुसऱ्याचा जीव घेतो, परंतु अमली पदार्थांचा विक्रेता असंख्य तरुणांच्या नाशास कारणीभूत होतो, असा त्यातील विचाराचा आशय आहे. समाजहिताच्या दृष्टीने हा विचार प्रभावी वाटतो. पण तर्काच्या दृष्टीने त्यात एक उणीव राहते. ही तुलना विक्रेत्याविषयी आहे, विक्रेता असल्याचा आरोप असलेल्या व्यक्तीविषयी नाही. न्यायालयासमोर जामिनासाठी उभा असतो तो दुसरा. जे सिद्ध करावयाचे आहे तेच गृहीत धरून स्वातंत्र्य नाकारले जाण्याचा धोका येथे संभवतो.

दुसरी अटही शब्दशः घेतल्यास पाळणे अशक्य आहे. एखादी व्यक्ती भविष्यात कोणताही अपराध करणार नाही, अशी खात्री कोणताही न्यायाधीश देऊ शकणार नाही. याबाबतीत महाराष्ट्रातील एका प्रकरणातून आलेला दृष्टिकोन मार्गदर्शक ठरतो. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये जवळजवळ अशाच अटी आहेत. रणजितसिंग ब्रह्मजितसिंग शर्मा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने 'अपराध' या शब्दाचा अर्थ कोणताही अपराध असा न घेता त्या अधिनियमाखालील अपराध असा घेतला आणि अटींचा अर्थ जामीन देणेच अशक्य होईल इतका ताणू नये, असे प्रतिपादन केले. हे सूत्र कलम ३७ च्या बाबतीत पुरेशा सातत्याने वापरले गेलेले नाही.

विलंबाचा दरवाजा

गुणवत्तेच्या आधारे जामीन मिळणे कठीण झाल्यावर न्यायालयांनी दुसरा मार्ग शोधला. तो संविधानाच्या अनुच्छेद २१ मधून, म्हणजे शीघ्र सुनावणीच्या हक्कातून जातो. १९९४ साली सर्वोच्च न्यायालय विधी साहाय्य समितीच्या याचिकेवर न्यायालयाने एकवेळचा उपाय म्हणून न्यायाधीन बंद्यांच्या सुटकेचे निर्देश दिले. किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या अपराधात पाच वर्षे तुरुंगात काढलेल्या आरोपीस अटींसह सोडावे, असे त्यांत होते.

या विचारधारेचा अलीकडील महत्त्वाचा टप्पा म्हणजे मोहम्मद मुस्लीम विरुद्ध दिल्ली राज्य हा २८ मार्च २०२३ चा निर्णय. गांजाच्या या प्रकरणातील आरोपी सात वर्षांहून अधिक काळ कोठडीत होता. ३० साक्षीदार तपासून झाले होते आणि ३४ शिल्लक होते. कलम ३७ चा शब्दशः अर्थ घेतल्यास जामीन जवळजवळ बादच होईल, म्हणून उपलब्ध साहित्याकडे सकृत्दर्शनी पाहून निर्णय घ्यावा आणि अवाजवी विलंबाच्या कारणास्तव जामीन देण्यास कलम ३७ ची आडकाठी नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी रबी प्रकाश विरुद्ध ओडिशा राज्य या प्रकरणात साडेतीन वर्षांहून अधिक काळ कोठडीत असलेल्या आरोपीस जामीन देताना दीर्घ बंदिवासापुढे वैधानिक निर्बंध गौण ठरतो, हीच भूमिका घेण्यात आली.

हे निर्णय स्वागतार्ह आहेत. तथापि त्यांच्या आधारभूमीचे परीक्षण करणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट अशी की, १९ जुलै २०२२ रोजी मोहित अग्रवाल प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने कोठडीचा कालावधी व दोषारोपपत्र दाखल होणे या बाबी कलम ३७ खाली स्वतःहून पुरेशा नाहीत, असे म्हटले होते. मोहम्मद मुस्लीम हा दोन न्यायमूर्तींच्या पीठाचा निर्णय आहे. दुसरी गोष्ट अशी की, दीर्घ बंदिवासाच्या तत्त्वासाठी उद्धृत होणाऱ्या के. ए. नजीब या २०२१ च्या तीन न्यायमूर्तींच्या निर्णयाने बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातील जामिनाची अट ही कलम ३७ पेक्षा तुलनेने सौम्य असल्याचे नमूद केले होते. म्हणजे ज्या निर्णयाचा आधार घेतला जातो, त्यानेच हा भेद दाखविलेला आहे. अनुच्छेद २१ हा कोणत्याही अधिनियमाहून श्रेष्ठ असल्याने या अडचणीवर मात करता येते. पण कनिष्ठ न्यायालयांसमोर दोन्ही प्रकारचे निर्णय ठेवले जातात आणि निवड अनिश्चित राहते.

तिसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. विलंबाच्या मार्गाने मिळणारे स्वातंत्र्य हे आरोपीच्या निर्दोषत्वाच्या गृहीतकातून येत नाही; ते शासनाच्या अपयशातून येते. पुरावा दुबळा असलेल्या आरोपीसही आधी काही वर्षे तुरुंगात काढावी लागतात आणि मग ती वर्षेच त्याच्या अर्जाचा आधार बनतात. किती वर्षे, याचे निश्चित उत्तर नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार प्रथमच आरोपी झालेल्या व्यक्तीसाठी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश कालावधीचा निकष आहे. वीस वर्षांच्या कमाल शिक्षेवर तो सहा वर्षे आठ महिने भरतो. इतक्या काळानंतर निर्दोष सुटका झाली तरी गेलेला रोजगार, विस्कटलेले कुटुंब व लागलेला कलंक यांची भरपाई होत नाही.

प्रक्रियात्मक संरक्षणांची स्थिती

कठोर कायद्यास कठोर प्रक्रियेची जोड असावी, हे तत्त्व या अधिनियमात दिसते. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क कलम ५० खाली सांगावा लागतो. त्याचे काटेकोर पालन बंधनकारक असल्याचे २०१० साली विजयसिंह चंदुभा जाडेजा प्रकरणात घटनापीठाने स्पष्ट केले. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तोफान सिंग प्रकरणात बहुमताने कलम ६७ खालील जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येणार नाहीत असे ठरले. केवळ सहआरोपीच्या जबाबावर गोवल्या गेलेल्या व्यक्तींना यामुळे मोठा आधार मिळाला. तपासासाठी कलम ३६अ(४) नुसार १८० दिवसांची मुदत आहे आणि अभियोक्त्याच्या सकारण अहवालावर ती एक वर्षापर्यंत वाढविता येते. मुदत संपताच मिळणारा जामिनाचा हक्क हिरावता येत नाही, हे एम. रवींद्रन प्रकरणात २०२० साली अधोरेखित झाले.

दुसऱ्या बाजूस, नमुने दंडाधिकाऱ्यासमोर घेण्याविषयीच्या कलम ५२अ च्या पालनातील विलंब वा त्रुटी हे स्वतःहून जामिनाचे कारण होत नाही, असे काशिफ प्रकरणात २० डिसेंबर २०२४ रोजी ठरविण्यात आले. येथे एक विसंगती जाणवते. नमुन्याची विश्वासार्हता हाच या प्रकारच्या खटल्याचा कणा असतो. त्या कण्याविषयीचा संशय 'वाजवी कारण' ठरत नसेल, तर पहिली अट आरोपीने कोणत्या साहित्याच्या बळावर पूर्ण करावी, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. अटकेची कारणे न कळविल्यास वैधानिक निर्बंध असतानाही जामीन देता येईल, हा विहान कुमार प्रकरणातील फेब्रुवारी २०२५ चा निर्णय त्या मानाने अधिक आश्वासक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) कलम ३७ मधील पहिली अट खटल्याच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर आरंभीच मागते. तिचा अर्थ उपलब्ध साहित्याच्या सकृत्दर्शनी परीक्षणापुरता मर्यादित ठेवणे, हाच संविधानाशी सुसंगत मार्ग होय.

२) दुसरी अट रणजितसिंग शर्मा प्रकरणातील सूत्रानुसार या अधिनियमाखालील अपराधांपुरती मर्यादित मानली जावी आणि आरोपीची पूर्वपीठिका हा तिचा मुख्य निकष असावा.

३) पदार्थाच्या वजनासोबत आरोपीची भूमिका पाहणे आवश्यक आहे. मजुरीसाठी पोते वाहणारा आणि त्या मालाचा मालक यांच्यात वजनाच्या तराजूस भेद करता येत नाही. तो न्यायालयासच करावा लागतो.

४) विलंबाच्या आधारे मिळणाऱ्या जामिनासाठी संसदेने निश्चित कालमर्यादा घालून द्यावी. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र जामीन कायद्याचा विचार करण्याची सूचना शासनास केली होती. तसा कायदा झाल्यास त्यात या अधिनियमाचा समावेश असणे इष्ट ठरेल.

५) वजन, नमुना व मुद्देमाल यांविषयीच्या गंभीर त्रुटी जामिनाच्या टप्प्यावरही विचारात घेतल्या जाव्यात.

अमली पदार्थांच्या विळख्यातून तरुण पिढीस सोडविणे हे शासनाचे कर्तव्य आहे, तसेच दोष सिद्ध होईपर्यंत आरोपीस निर्दोष मानणे हेही त्याचेच कर्तव्य आहे. यांतील एक कर्तव्य पार पाडण्यासाठी दुसऱ्याचा बळी देण्याची आवश्यकता नाही. खटले वेळेत चालले, तर दोषी व्यक्तीस शिक्षेपासून पळवाट मिळणार नाही आणि निर्दोष व्यक्तीस न झालेल्या शिक्षेची वर्षे भोगावी लागणार नाहीत. कलम ३७ च्या कठोरतेचे समर्थन करावयाचे असेल, तर त्याची पहिली अट आरोपीवर नव्हे, तर खटला चालविणाऱ्या यंत्रणेवर असली पाहिजे.